वरचं रान

राष्ट्रीय सुरक्षेच्या प्राधान्यक्रमातला तिसरा मुद्दा फळ्यावर लिहून कृष्णात वळला, आणि शेवटच्या बाकावर त्याला आपली वहिनी बसलेली दिसली. डोक्यावरून पदर, मांडीवर कापडी पिशवी, समोर कुणीतरी सरकवून दिलेल्या नोट्स. शेजारच्या दोन मुली अंग चोरून बसल्या होत्या. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या ॲकॅडमीत पालक यायचे ते फी कमी करून मागायला, आणि तेही खालच्या ऑफिसात. वर्गात येऊन बसायची कुणाची छाती होत नसे. शालूबाई मात्र ताठ बसून फळ्याकडे बघत होत्या. गावाकडे कुणाचं बरंवाईट झालं असणार, असं आधी त्याच्या मनात आलं. मग आलं, ही आपल्याला जाब विचारायला आली आहे. दुसऱ्या विचारानं पहिल्यापेक्षा जास्त घाबरायला झालं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्यालाच थोडी गंमत वाटली. स्वतःकडे असं लांबून बघायची त्याला सवय होती. हात न थांबता त्यानं चौथा मुद्दा लिहिला: शेजारी राष्ट्रांशी संबंध.

‘शेजारी म्हणजे काय?’ त्यानं वर्गाला विचारलं. प्रश्न ठरलेला होता आणि उत्तरही. परराष्ट्र धोरण तो पुस्तकातून शिकवत नसे, बांधावरून शिकवायचा, आणि त्यासाठीच त्याचं नाव होतं; दर मंगळवारी साताऱ्याच्या शाखेतही हेच व्याख्यान व्हायचं. बांध कोरणारा शेजारी एकदम हात मारत नाही, दर नांगरटीला वीतभर आत येतो. तुम्ही एक वर्ष गप्प बसलात की पुढच्या वर्षी तो म्हणतो, बांध पहिल्यापासून इथंच होता. मुलं हसायची, लिहून घ्यायची. त्यांतली निम्मी शेतकऱ्यांची, त्यांना अख्ख्या अभ्यासक्रमातला हा एकच भाग घरूनच येत होता. आज बोलता बोलता कृष्णातच्या मनात आलं, की आपण सांगतोय तो बांध आपल्या कुंडलच्या खालच्या रानातला, आणि तो राखला ह्या मागच्या बाकावरच्या बाईनं. दादा भांडणाला घाबरायचा. हीच कंबर खोचून बांधावर जाऊन उभी राहायची. आपण तेव्हा सांगलीत कॉलेजच्या वाचनालयात बसून शीतयुद्ध वाचत होतो. त्याला जरा चोरट्यासारखं झालं, पण वाक्य कुठं अडखळलं नाही. पाचवा मुद्दा माहितीच्या सुरक्षेचा होता. ‘तो उद्या घेऊ,’ असं म्हणून त्यानं तास लवकर सोडला.

‘लय चांगलं सांगता की वो,’ जिन्यात शालूबाई म्हणाल्या. ‘मला समदं कळलं.’

‘वहिनी, फोन तरी करायचा. दादा बरा आहे ना?’

‘त्येंस्नी काय धाड भरलीय? मीच आले. रविवारपत्तुर ऱ्हानार हाय. मला हिंदी शिकवा.’

कृष्णातला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण त्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या गर्दीत उभं राहून सगळं सांगितलं, जसं दवाखान्यात डॉक्टरला सांगतात तसं, काही न गाळता. ‘राजाचा फोन येतोय रविवारचा. त्याचा मोबाईल काढून घेतलाय, तिथल्याच फोनवरनं बोलतोय. सायेब बाजूला उभा असतोय, त्येला कळंल अशाच बोलीत बोलायचं, असा हुकूम हाय. पोरगं हिंदीत बोलतंय आन मी नुस्तं हां-हां करती. मालिका बघून कळतंय समदं, पर तोंडातनं निघत न्हाई.’ मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘आन फोन ठेवताना दर खेपेला एकच म्हणतोय. माँ, किसी को कुछ मत बोलना. असं कवाच बोलला न्हवता मला.’

ह्या वाक्याचा त्यांना किती त्रास होतो आहे हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. कृष्णात स्कूटरची किल्ली शोधू लागला. ती हातातच होती.

राजा म्हणजे राजवर्धन, शालूबाईंचा एकुलता एक मुलगा, सैन्यात सिग्नलच्या तुकडीत. त्याच्याबरोबर पंजाबी, तमिळ, बिहारी, सगळे होते. मराठी एक हवालदार होता, तोही आता बदलून गेला होता. आपण कुठं आहोत हे घरी सांगायची त्या पोरांना बंदी असते. पण आईला झोप लागेना, म्हणून मागच्या सुट्टीत त्यानं तिच्याशी एक ठरवून टाकलं. घरचं खालचं रान म्हणजे सुखाचं ठाणं. वरचं रान म्हणजे पुढं, सीमेवर. ‘आई, आता थोडे दिवस वरच्या रानात पाणी धरायचंय,’ असं फोनवर म्हटलं की तिनं समजायचं. कुंडलला फोन नेहमी स्पीकरवर असतो. ओट्यावर बसलेल्या चारचौघांनी ते ऐकलं तरी कुणाला त्यात काही वाटलं नसतं. हे नवऱ्याला, नाथाजीलासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण नाथाजी पारावर बसायचा आणि पारावर बसलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही. घरात हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि मुलानं आपल्याला एवढ्या विश्वासातलं मानलं ह्याचा तिला मनापासून अभिमान वाटायचा.

त्या सुट्टीनंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर तापलं. कृष्णात, जो एरवी दिवाळीला आणि उसाला तोड आली की मगच गावाकडे फोन करायचा, तो वहिनींना रोज फोन करू लागला. त्यात काळजी नव्हती असं नाही. काळजीही होती, पण काळजीच्या आड आणखी एक माणूस कान देऊन बसला होता, आणि कृष्णात त्या माणसाला चांगला ओळखत होता. काय म्हणतो राजा? आवाज कसा होता त्याचा? काही बोलला का, रानाचं, घरचं? आठवडाभरानं शालूबाई फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, ‘वरच्या रानात गेलाय वो.’ मग त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला, कारण इतक्या आपुलकीनं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं. ‘पर कुणाला सांगू नगा.’ ‘मी काय लहान आहे का, वहिनी?’ तो म्हणाला. राजाची तुकडी आधी कुठं होती हे त्याला माहीत होतं. तिचं पुढचं ठाणं कुठलं असणार हे नकाशावर ताडायला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. ॲकॅडमीचा संध्याकाळचा व्हिडिओ तोच करायचा. बाकीच्या चॅनेलवर माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. त्यानं शांतपणे, चष्मा काढून हातात धरून सांगितलं, की खात्रीलायक सूत्रांनुसार अमुक भागात सिग्नलच्या तुकड्याही पुढे सरकल्या आहेत आणि ह्यावरून शासनाच्या मनात काय आहे ते दिसतं. व्हिडिओ वाऱ्यासारखा फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘सर, तुम्हाला आधीच कसं कळतं?’ ते त्यानं पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला फार सुख झालं, इतकं की त्या दिवशी त्यानं येताना संयोगितासाठी, आपल्या बायकोसाठी, गजरा आणला. असं तो कधी करत नसे.

त्या सुखाचं मूळ साताऱ्यात होतं, हेही त्याला ठाऊक होतं. विसाव्या वर्षी तो भरतीला साताऱ्याच्या मैदानावर गेला होता. पळण्यात पास झाला, छाती भरली, आणि मग पाय ओले करून फरशीवर उभं राहायला सांगितलं. बाकीच्या पोरांच्या पावलांचे ठसे मधे तुटलेले उमटत होते, त्याचा अख्खा तळवा उमटला, फतकल मारून बसल्यासारखा. डॉक्टरनं त्याच्या तोंडाकडे न बघता पुढच्याला बोलावलं. ज्या घरात पणजोबांपासून एक तरी पुरुष फौजेत होता, त्या घरात तो सपाट पायाचा निघाला. मग तो पुस्तकांतून फौजेत शिरला. दारूगोळा, करार, अणुधोरण, सगळं पाठ केलं. राजाला भरतीसाठी साताऱ्याला तोच घेऊन गेला. राजा पळत होता तेव्हा त्याच्या चपला आणि शर्ट हातात धरून तो कुंपणापाशी उभा होता, आणि नंतर फरशीवर राजाच्या पावलाचा ठसा उमटला तेव्हा जाळीतून त्यानं तो पाहिला. सुंदर कमान होती. ठसा वाळून जाईपर्यंत तो बघत राहिला. आनंद झाला होता हे खरं, पण तो आनंद स्वच्छ नव्हता.

व्हिडिओनंतर तिसऱ्या दिवशी नाथाजीचा फोन आला. राजाला साहेबांनी समोर उभं करून तुझा व्हिडिओ दाखवला. राजा म्हणाला, मी फकस्त आईला सांगितलं होतं. मग साहेबांचा फोन कुंडलला, मधे दुभाषा म्हणून तो मराठी हवालदार. ‘तुझ्या वैनीनं कबूल केलं बाबा,’ नाथाजी म्हणाला होता. ‘म्हणाली, मी नळावर बायकांत बोलले. भाऊजींच्या कानावर गावातनं गेलं असंल, त्येंस्नी काय ठाव त्ये राजाचं हाय म्हणून. आता बायकांचं तोंड, दुसरं काय?’ आणि कृष्णात म्हणाला होता, ‘हं.’ एवढंच. व्हिडिओ त्यानं त्याच दिवशी काढून टाकला. राजाचं बढतीच्या कोर्सला लागलेलं नाव गेलं आणि मोबाईलही गेला. बाकी काही झालं नाही. परंतु ते ‘हं’ त्याच्या तोंडात राहिलं. वर्गात, भाजी घेताना, साताऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसून उसाच्या फडांकडे बघताना तो ते पुन्हा म्हणून बघायचा. त्यात होकार नव्हता, खोटंही नव्हतं. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्यानं म्हणावं असं ते होतं.

धडे जेवणाच्या टेबलावर चालायचे. संयोगिता बँकेत गेली की शालूबाई पदर सावरून खुर्चीवर बसायच्या. खाना खाया? नींद आती है? ठंड बहुत है क्या? एकेक वाक्य चार-पाच वेळा घोळल्याशिवाय जिभेवर बसत नसे. त्यांना म्हैस व्याल्याचं सांगायचं होतं, रेडी झाली होती, राजानं लहानपणी जिच्या पाठीवर बसून आख्खा ओढा पालथा घातला त्या म्हशीची ही नात. व्याली ह्याला हिंदीत काय म्हणतात हे कृष्णातला आठवेना. सामरिक स्वायत्तता त्याला तीन भाषांत म्हणता येत होती. ‘भैंस को बच्चा हुआ, म्हणा,’ तो म्हणाला. ‘त्ये माणसावानी वाटतंय,’ त्या म्हणाल्या, पण पाठ केलं. मग त्यानं सुचवलं, तुम्हारी बहुत याद आती है. त्या लाजून हसल्या. ‘सायबाच्या म्होरं असलं कसं म्हनायचं? सिनेमातल्यावानी. आय असं म्हनती व्हय?’ ते वाक्य त्यांनी घेतलंच नाही.

शनिवारी मधेच थांबून त्या म्हणाल्या, ‘मला वाटलं, सायेब रागावतील आन सोडून देतील. तुमची भाकरी बोलण्यावर हाय, भाऊजी. तुमचं नाव गेलं तर वर्गात कोन बसंल? माझं काय, मला कोन पुसतंय? पर राजा असं मनावर घील असं न्हवतं वाटलं.’ ह्यात कसलाही टोमणा नव्हता. टोमणा असता तर कृष्णातला उत्तर देता आलं असतं. शब्दांच्या पायऱ्या त्यानं कित्येक वर्षं शिकवल्या होत्या: चिंता, तीव्र चिंता, खेद, गंभीर खेद. राष्ट्रं माफी मागत नाहीत, खेदावर थांबतात, हे वाक्य परीक्षेत दोनदा आलं होतं. आता तो मनातल्या मनात त्या पायऱ्या चढून बघत होता आणि दर वेळी खेदाच्या आसपास त्याचा दम जात होता. त्याला स्वतःची किळस आली. ती येते आहे हेही त्यानं नीट पाहिलं, आणि मग म्हणाला, ‘पुढचं वाक्य घेऊ.’ सकाळी संयोगितानं सहज विचारलं होतं, ‘वहिनी हिंदी कशाला शिकतायत? राजा मराठी विसरला की काय?’ ‘तिथला नियम आहे,’ तो म्हणाला होता. तेही खरंच होतं.

रविवारी सकाळी कृष्णातचा मोबाईल वाजला; कुंडलहून नाथाजीनं राजाला हाच नंबर दिला होता. शालूबाईंनी सवयीनं स्पीकर लावला आणि मोबाईल टेबलावर मधोमध ठेवला. संयोगिता दारात येऊन उभी राहिली.

‘नमस्ते माँ. मैं ठीक हूँ. आप कैसी हैं?’

राजाचा आवाज परेडवरच्यासारखा होता. शालूबाईंनी खुर्चीच्या कडेला धरलं आणि एका श्वासात सुरुवात केली. खाना खाया? नींद आती है? ठंड बहुत है क्या? भैंस को बच्चा हुआ. इथं पलीकडे राजाला हसू आलं असावं, कारण क्षणभर नुसताच श्वास ऐकू आला. पण तो एवढंच म्हणाला, ‘अच्छा है, माँ.’ रेडी की रेडा, कुणावर गेलीय, हे त्यानं विचारलं नाही. शालूबाईंची वाक्यं संपली होती. चार दिवस पाठ केलेलं सगळं चहा गाळावा इतक्या वेळात संपून गेलं आणि आता फोन चालू होता, वेळ शिल्लक होता, आणि दोघांकडे बोलायला काही नव्हतं. त्या फोनकडे बघत होत्या. ओठ हलत होते, पण मराठी शब्द त्या मागं ढकलत होत्या हे दिसत होतं. कृष्णातला ते बघवेना.

‘चाचाजी हैं? उनको दीजिए.’

‘राजा,’ कृष्णात म्हणाला. तो फोनवर ओणवला होता. ‘राजा, ऐक, आईनं नळावर...’

‘हिंदी में बोलिए, चाचाजी. साहब खड़े हैं.’

ते उद्धटपणे म्हटलेलं नव्हतं. नियम सांगावा तसं, उलट जरा अजिजीनं म्हटलेलं होतं. कृष्णातला हिंदी येत होती. हिंदीत तो दोन-दोन तास बोलला होता, दिल्लीच्या परिसंवादातही. वाक्य समोर अख्खं तयार होतं, कर्ता, कर्म, सगळं. पण मराठीत ते फक्त राजाला कळलं असतं. हिंदीत ते साहेबालाही कळणार होतं, आणि साहेबाकडून आणखी कुठं जाईल ह्याचा नकाशा त्याच्या डोक्यात झरकन उमटला: पोलीस, ॲकॅडमीचे मालक, पेपरात नाव. त्यानं वहिनीकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, काहीच केलं नाही.

‘यहाँ सब कुशल है, बेटा,’ तो म्हणाला. ‘अपना काम अच्छे से करो.’

‘जी. माँ, रखता हूँ. किसी को कुछ मत बोलना.’

फोन बंद झाल्यावर स्क्रीनवर पुन्हा ॲकॅडमीचं चित्र आलं. संयोगिता नवऱ्याकडे बघत होती. ‘आईनं नळावर काय?’ तिनं विचारलं. कृष्णात म्हणाला, काही नाही, आणि ती तिथून हलली नाही. शालूबाईंनी डोळे पुसले. रडून झाल्यावर माणूस जसं तोंड धुऊन कामाला लागतं तशा त्या सरळ बसल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसं त्या म्हणाल्या, ‘पुढल्या रविवारासाठी दोनच द्या, भाऊजी. जास्त नकोत. मी नळावर कुणाला सांगितलं न्हवतं. ह्येला काय म्हणत्यात?’

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती.

‘मैंने नल पर किसी को नहीं बताया था,’ तो म्हणाला.

त्यांनी म्हणून पाहिलं. ‘बताया’ला जीभ अडली, ‘था’ राहून गेला. त्यानं दुरुस्त केलं. पुन्हा अडली, पुन्हा त्यानं दुरुस्त केलं. तो शिक्षक होता, चुकीचं वाक्य त्याला सोडवत नसे. शेवटी ते जमलं.

‘आन मंग सायेब इचारंल,’ शालूबाई म्हणाल्या, ‘मंग कुणाला सांगितलं. त्येचं बी उत्तर सांगून ठेवा.’

त्या त्याच्याकडे बघत थांबल्या. दारात संयोगिता थांबली होती. कृष्णातनं चष्मा काढला. आपण तो काढून हातात धरला आहे, व्हिडिओत धरतो तसा, हे त्याला दिसलं, आणि त्यानं तो पुन्हा डोळ्यांवर लावला.

‘अपने देवर को,’ तो म्हणाला.

‘अपने देवर को,’ शालूबाई म्हणाल्या. पहिल्याच खेपेला बरोबर आलं.